माझ्या वजनाचे शिंगाडे

जवाहरनगर,
रविवार, २२ नोव्हेंबर २००९

ती. सौ. शोभाताई आणि ती. चंद्रभान भाऊजी यांस श्रावणचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त तुम्हां दोघांले. ही सवलत वरती कोणाले दिली असं समजू नये.) इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. पत्रात या जागी 'ईश्वरकृपेने' लिहायची रीत आहे, तिथं तू 'औषधपाण्याने' वाचून घे. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावणं चालू ठेव, पण तेलाच्या भरवशावर राहू नको, साकोलीच्या डॉक्टरलेही दाखव. धानाची चुरणी-मळणी झाली का? भाऊजींचा खोकला? हे सारं फोनवरच विचारलं असतं, पण भाऊजी फोनचा स्पीकर चालू करून तो ओट्यावर ठेवतात, अन् मग मले अर्ध्या सानगडीसंगं बोलावं लागते. आजची गोष्ट ओट्यावर गेली तर मले तुझ्या गावात तोंड बांधून यावं लागेल. म्हणून पत्र. एकटीच वाच. (हे भाऊजीच मोठ्यानं वाचून राहिले असतील, तर भाऊजी, नमस्कार.)

तुले माहीतच आहे, नंदिनी झाली तेव्हा स्वातीनं अन् मी ठरवलं होतं का पोरीच्या डोक्यात देव घालायचा नाही. (तिचं जावळ तुमच्या तलावाच्या बांधावरच्या, म्हणजे पाळीवरच्या मातेसमोर काढू म्हणून तू आली होती, मी नाही म्हटलं, अन् तू दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. ते ध्यानात आहे. त्यावर येतो.) पण आम्ही तिले अंधारात नाही ठेवलं, बरं का. रविवारी आमच्याकडे धर्माचा तास राहते. मी तिले देवळात नेलं, बुद्धविहारात नेलं, दर्ग्यावर नेलं, नागपूरले गेलो तेव्हा चर्चमध्येही नेलं. घरी आल्यावर काय पाहिलं ते तिनं सांगायचं. चारही ठिकाणं फिरून पोट्टीनं असं काढलं का देवाले सगळ्यात जास्त राग चपलांचा आहे, चर्चवाला तेवढा चालवून घेते. मी याले निरीक्षण म्हटलं. शेजारच्या सुलोचनाबाई सत्यनारायणाचा शिरा घेऊन आल्या, तर हिनं विचारलं, काकू, हा कोणी केला? त्या म्हणाल्या, मी केला. मग देवाचा कसा, म्हणे. सुलोचनाबाई वाटी परत घेऊन गेल्या अन् महिनाभर विरजण मागायले आल्या नाहीत. मी वरून रागावलो अन् आतून फुगलो. ही गोष्ट फॅक्टरीच्या बसमध्ये लिलाधरले सात वेळा सांगितली. आठव्या वेळी तो जागा बदलून बसला. घरात आमचे तीनच नियम. विचारल्याशिवाय मानायचं नाही, पुराव्याशिवाय बोलायचं नाही, अन् दिलेला शब्द मोडायचा नाही. तिसरा नियम माझा. त्यानंच माझा गळा धरला.

सप्टेंबरात मले डेंग्यू झाला ते तू पाहिलंच. (नंदिनीले अकरा दिवस तू सांभाळलं, त्याचे आभार मी अजून मानले नाहीत. आता मानतो. ऐनवेळी मानून राहिलो असं तुले वाटेल, अन् ते खरंच आहे.) मले भंडाऱ्याले दवाखान्यात न्यायले गाडी आली तेव्हा पोट्टी दारात उभी होती. बाबा, तुम्ही बरे व्हाल ना, म्हणून विचारलं. माझ्या अंगात एकशे तीन ताप. पण नियम तो नियम, खोटं कसं बोलावं? मी म्हटलं, शक्यता चांगली आहे. स्वातीनं माझ्याकडे असं पाहिलं का गाडी नसती तर तिनंच मले तिथं आडवं केलं असतं. मले वाटलं आपण पोरीसंगं खरं बोललो. आता वाटते, का रे भैताडा, नऊ वर्षांचं लेकरू ते, शक्यता घेऊन काय करेल? उराशी धरेल का उशाशी ठेवेल?

पुढे मी बरा झालो, ती परत आली, शाळा सुरू झाली. सारं ठीक होतं. मग सहलीचा कागद आला. बारा डिसेंबर, नवेगावबांध, मुक्काम एक रात्र. (आता तो जिल्हा वेगळा झाला, तर शाळेनं जास्तीच्या दोन सह्या मागितल्या.) गेल्या वर्षी याच सहलीसाठी हिनं घर डोक्यावर घेतलं होतं, लहान आहे म्हणून नेलं नव्हतं. अन् यंदा म्हणते, मी जात नाही. काहून? काही नाही. मैत्रिणीसंगं भांडण झालं का? नाही. बाईंची भीती वाटते का? नाही. तीन दिवस आम्ही खोदून राहिलो. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता स्वातीजवळ बोलली. म्हणे, मी तिकडे गेली अन् इकडे बाबांले परत ताप आला तर? नवस तर फेडलाच नाही ना.

हो ताई. नवस. माझ्या पोटच्या पोरीनं, माझ्या नावाचा. तुझ्याकडे होती तेव्हा तुमच्या तलावात मासे धरणारा मंगरू आहे ना, त्याच्या नातीचा नवस त्यांनी पाळीवर फेडला म्हणे. बाकीचे लोक गुळानं तोलतात; मंगरूचे शिंगाडे तलावातलेच, तर त्यांनी पोरीले तराजूत बसवून शिंगाड्यानं तोललं अन् ते शिंगाडे गावाले वाटले. आमची पोट्टी तिथं उभी. तिनं निरीक्षण केलं! (शिकवलं कोणी? मीच.) दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन मातेले सांगून आली का माझे बाबा बरे झाले तर मी त्यांले इथं आणीन अन् त्यांच्या वजनाचे शिंगाडे वाटीन. पहिल्यांदा मी तुझ्यावरच संशय घेतला, माफ कर. मी तिले आडून आडून विचारलं, आत्यानं सांगितलं का? तर म्हणे, आत्याले माहीतच नाही, आत्या तेव्हा तुमच्यासाठी रडून राहिली होती. हे मले कोणी सांगितलं नव्हतं. तू फोनवर तर नुसती ओरडायची, पथ्य पाळ रे, पपई खा रे म्हणून.

मग मी तिले समोर बसवलं अन् धर्माचा जादा तास घेतला. म्हटलं, बेटा, मी औषधानं बरा झालो. ती म्हणे, तुमच्या बाजूच्या खाटेवरच्या काकांलेही तेच सलाईन होतं ना? (ते काका घरी गेले नाहीत. आम्ही पोरीसमोर बोललो नव्हतो, पण पोट्ट्यांचे कान कुठं कुठं राहतात काय माहीत.) मी पाणी प्यालो. मग म्हटलं, एकदा घडलं म्हणजे पुरावा होत नाही, तोच प्रयोग पुन्हा करून पाहावा लागते. तिनं विचार केला. म्हणे, ठीक आहे, मग तुम्ही परत आजारी पडा, या खेपेले मी नवस बोलत नाही, पाहू काय होते ते. मी मनात शाबास म्हणून राहिलो होतो, तेवढ्यात तिचा चेहरा पडला, अन् म्हणाली, नको बाबा, राहू द्या, तसं नका करू.

इथंच मी गप बसायले पाहिजे होतं. पण मी कोण? मी म्हटलं, नंदिनी, जो नाहीच त्याले दिलेला शब्द हा शब्द नसते. ती मागच्या पडवीकडे पाहायले लागली. तिथं आपल्या बाबांचा माग उभा आहे. तुले सांगायले नको, बाबांनी जाताना माझा हात धरून म्हटलं होतं, श्रावण, पवनीचं घर वीक, पण माग विकू नको. मी हो म्हटलं. तेव्हापासून अर्धी पडवी त्या मागाची आहे, स्वातीले कपडे वाळत घालायले जागा नाही, क्वार्टर बदललं तेव्हा तो सोडवून पुन्हा जोडायले दोन सुट्या गेल्या, अन् त्यावर एक सूत विणायची अक्कल मले नाही. पोट्टी म्हणे, आबाजी आता कुठं आहेत? मी म्हटलं, कुठंच नाहीत, माणूस मेला का संपते, मी सांगितलं होतं ना. म्हणे, मग तुम्ही त्यांले दिलेला शब्द काहून पाळून राहिले?

मी पाण्याची मोटर बंद करायले उठलो. (मोटर चालू नव्हती.) स्वाती आतून म्हणाली, द्या ना उत्तर, आम्हीही ऐकतो.

मग मी सौदा करून पाहिला. म्हटलं, आपण इथंच वसाहतीत शिंगाडे वाटून देऊ. नाही, तिथंच म्हटलं होतं. बरं, मी इथल्या काट्यावर वजन करतो, तेवढे शिंगाडे आत्या तिकडे वाटेल. नाही, तुम्हाले तराजूत बसावं लागेल, मंगरूआजोबांच्याच. बरं, वजन तरी दवाखान्यातलं धरू, तेव्हा मी बाहत्तर किलो होतो. त्यावर तिनं माझ्याकडे फार दयेनं पाहिलं अन् म्हणाली, बाबा, तुम्ही बरे झाले म्हणूनच तर जाड झाले ना! तेव्हापासून मी सकाळी चालायले जातो अन् दोन पोळ्या कमी खातो. तर पोट्टी माझ्या ताटात तिसरी वाढते अन् खाईपर्यंत समोर बसून राहते.

आता तूच सांग. पंधरा वर्षं मी फॅक्टरीच्या वाचनालयात नवसावर भाषणं देऊन राहिलो. 'नवस म्हणजे लाच' हे माझं वाक्य लिलाधरच्या पोट्ट्यानंही निबंधात घातलं. लिलाधरची सासुरवाडी सानगडी आहे, हे तुले माहीत आहेच. तुझ्या घरी आलो तेव्हा त्याच मातेसमोर मी हात खिशात घालून उभा राहिलो होतो अन् तू शरमेनं मेली होती. ताई, जावळाच्या वेळी मी तुले जे बोललो, ते मत म्हणून आजही तसंच आहे, पण बोलायची रीत चुकली. तू पोरीच्या मायेनं आली होती अन् मी तुले शास्त्र ऐकवलं. त्याचं मले खरंच वाईट वाटते. पण मत ते मत. नवस-बिवस या घरात होणार नाही, हे फक्त तुले कळावं म्हणून लिहिलं. बाकी काही काम नव्हतं. भाऊजींनी खोकल्याच्या वेळी बिडी सोडावी, निदान ती माझ्यावर उपकार म्हणून सोडावी.

तुझा भाऊ,
श्रावण

ता. क. मंगरूले सहज विचारून ठेव, चौऱ्याहत्तर किलो हिरवे शिंगाडे एका दिवसात निघतात का. सालीसकट, ओले चालतील. ओले जड राहतात, म्हणजे कमी लागतील. अन् त्याचा तराजू मोठ्या माणसाले झेपते का तेही पाहा. दिवस बारा डिसेंबरच्या आधीचा पाहिजे, बाजाराचा नको, अन् सकाळी लोक उठायच्या आत झालं तर फार चांगलं. मी तराजूत फक्त बसणार आहे. हात जोडणार नाही.

ता. क. दुसरा. नंदिनी म्हणते हात जोडावे लागतात. तेवढा वेळ तू दुसरीकडे पाहा. अन् तू ये मात्र नक्की. पोरीसंगं तिथं कोणीतरी मनापासून जोडणारं पाहिजे.

ता. क. तिसरा, स्वातीकडून. शोभाताई, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. वजन चौऱ्याहत्तर नाही, ब्याऐंशी आहे, मंगरूजींना तसंच सांगा. लोक उठायच्या आत वगैरे काही नको, नंदिनीला सगळ्या गावाला आपल्या हाताने वाटायचे आहेत. आणखी एक गोष्ट यांनी लिहिली नाही, आणि मला माहीत आहे हे यांना माहीत नाही. ती रोज सकाळी सहाला उठून यांच्या कपाळाला हात लावून ताप बघते. हे तेव्हा जागेच असतात. फिरून आल्यावर बूट काढून पुन्हा अंथरुणात जातात आणि ती येऊन हात लावून जाईपर्यंत डोळे मिटून पडून राहतात. फॅक्टरीची बस या महिन्यात दोनदा चुकली. दिवस लवकर कळवा.