सत्तावीस अंशांची अट

४ मे, सकाळी ६
गावच्या सहकारी दूधमंडळीतलं, दुधाची फॅट तपासायचं ॲसिड संपलं. नवं बनवलं. पाण्यात ॲसिड, बारीक धारेने. उलट केलं तर तोंडावर उडतं. बावीस वर्षांत अंगावर थेंब नाही. सदऱ्याला भोकं आहेत, ती धोब्याची. कॉलेजचं तोंड न बघता शिकलोय हे.

सकाळी ७
घनता हवी १.८१, आली १.७९. फारच पातळ. भिंतीवरचा तक्ता म्हणतो, सत्तावीस अंशांवर मोजा. आमच्या आणंदकडे मे महिन्यात सत्तावीस अंश आणायचे कुठून? मिसळताना तापलेलं भांडं हाताला सोसत होतं, तेवढं पुरे. आणखी दाट ॲसिड घातलं. बरोब्बर १.८१. समाधान.

५ मे
कोकिळाबेनच्या म्हशीची फॅट सातावरून पाचावर! नळीत फॅटखाली काळा थर. काळं ती घाण. मी फक्त स्वच्छ पिवळी फॅट मोजतो. रजिस्टरात शेरा: पाणी घातले. बाई विधवा, एकच म्हैस, तिच्यावरच घर. पण नियम तो नियम. रांगेतच म्हणाली, जेसंगभाई, पाणी माझ्या डोळ्यांत आहे, दुधात नाही. बायका माझ्याकडे बघत राहिल्या.

७ मे
रईबेन, जशीबेन, सगळ्यांचीच फॅट कमी. अख्खं गाव एकदम बिघडलं. निश्चय: कुणाला सूट नाही.

८ मे
आमच्या घरच्या दुधातही काळा थर. बायकोला विचारलं, किती पाणी घातलंस? म्हणाली, तुमच्या डोक्यावर ओतायला हवं होतं. ताट वाढलं नाही. कोरडा खाखरा खाल्ला. तत्त्वासाठी.

९ मे
कमिटी बसली. प्रमुख रायजीकाका म्हणाले, सगळ्यांना काढलं तर मंडळीला कुलूप लागेल. पहिली सापडली तिला काढा, बाकीच्या सुधारतील. कोकिळाबेनचं नाव कमी. ती म्हणाली, एकदा परत तपासा. मी म्हटलं, गरज नाही.

१२ मे
विद्यापीठातून धृती नावाची मुलगी आली. म्हशीच्या दुधावर संशोधन करते. माझं ॲसिड एव्हाना निवलं होतं, तिने मोजलं: १.८३. म्हणाली, काका, गरम असताना मोजलंत का? गरम ॲसिड पातळ भासतं. हे फार जहाल झालंय, फॅटच जाळतंय. काळा थर म्हणजे घाण नव्हे, जळकं. तिच्या बाटलीतल्या ॲसिडने आमच्या घरच्या दुधाची फॅट पावणेसात भरली.
तक्ता जरा मोठ्या अक्षरांत छापायला हवा होता.

१३ मे, सकाळ
कोकिळाबेनकडे गेलो. वाक्य पाठ केलं होतं: शास्त्रात अशी तफावत संभवते. अंगणात म्हैस नव्हती. परवाच नडियादच्या व्यापाऱ्याने नेली. म्हणाली, मंडळी दूध घेईना, चारा कशाचा घालू? पाण्याचा लोटा पुढे केला. पाणी प्यायलो. एवढंच म्हटलं, चूक माझ्या ॲसिडची. ती म्हणाली, मग हे तेवढं रांगेत, सगळ्यांसमोर सांगा, भाई. म्हटलं, आजच सांगतो.

संध्याकाळी ६
रांगेत साठ बायका. बोलायला उभा राहिलो. रायजीकाकांनी विचारलं, काय हो जेसंगभाई, काही सांगायचंय?
म्हटलं, दुधाची भांडी स्वच्छ धुऊन आणत जा.