दिल्लीच्या हॉटेलात लिहिलेले नाव

सोनिकाच्या बाबांना,
नमस्कार.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी एकटीच कॅनडाला निघाले आहे. पुढचे विमान सकाळी, म्हणून दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरले. काउंटरवरची मुलगी फॉर्म भरत होती.

"आंटी, पति का नाम?"

"नवऱ्याचं नाव मी तोंडानं नाही घेत, बाई."

ती हसली. "फिर कमरा कैसे मिलेगा?"

"पेन दे इकडे."

मी लिहिले: उदेलाल रहांगडाले, मुक्काम कामठा. सोनिकाच्या पाटीवर हे नाव चोरून गिरवले होते, तुम्हाला कधी सांगितले नाही.

"लिखाई तो मुझसे अच्छी है!" ती म्हणाली.

तुम्हाला जाऊन चार वर्षे झाली. नावाआधी 'कै.' लिहायचे असते, मला माहीत आहे. मी लिहिले नाही.

तुमचीच,
रुख्मा