वायरीच्या खाचेतलं कुंकू

विजापूर रोड, सोलापूर
ता. १० ऑक्टोबर २०२५

थोरल्या आक्कांस, धाकट्या जावंचा पायावर डोकं ठिवून नमस्कार.

हितं मी बरी हाय. तुमचं गुडघं कसं हायती? भाऊजींचा खोकला? ज्वारी पेरून झाली का?

फोन न करता कागद लिवला, कारण फोनवर तुमी मला एक वाक्य पुरं करू देत न्हाई. कागदाला मधीच "बरं बरं, ठेव आता" म्हणता येत न्हाई. सातवी शिकल्याचा तेवढा फायदा. चष्मा लावा आन एकटीनं वाचा.

आदी रागाचं सांगती, म्हंजी दुपारचं जेवण पचंल. परवा भाऊजींचा निरोप आला. "पाडव्यापासनं दुकान मोबाईलवाल्याला भाड्यानं देतो. तुला ते जमत न्हाई." मालक गेल्यापासनं दोन वर्सं मी हितं लोकांचं फारम भरती. दाखले, शिष्यवृत्त्या, म्हाताऱ्यांच्या पेन्शनी. तवा जमत हुतं. एक वायर चालू हुईना म्हणल्यावर जमत न्हाई? गेल्या साली तुमचा ट्रॅक्टर चार महिनं बंद हुता. तवा आमी भाऊजींना कुणाला भाड्यानं दिलं का?

घडलं ते असं. मालक नेट चालवायचे ते बोटाएवढ्या डोंगलवर. ते लई हळू. म्हणून दसऱ्याच्या मुहूर्तावर मी वायरीचं नेट घेतलं. वायरवाल्यानं कॉम्प्युटरच्या मागं खाच असती त्यात वायर खुपसली, पर दिवा काय लागंना. "लाईन चांगली हाय मावशी, तुमची मशीनच मेली," म्हणला आन चहा पिऊन गेला. मी वायर बदलून बघितली. तीच वायर शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या मशीनला लावली, तितं दिवा टुकटुक! आमच्यात ढिम्म. मग एक मेकॅनिक आला. झाकण उघडलं बी न्हाई, म्हणतो, "मदरबोर्ड गेला, नवीन मशीन घ्या." आवो, डॉक्टर बी आदी जीभ बघतोय की!

त्याच दिवशी तुमचा फोन. "खंडेनवमीला मी पूजा करून गेल्यावर तू मशीनला हात लावलास का?" मी न्हाई म्हणलं. तुमी म्हणला, "लावला असशील. इधवेचा हात लागला की असंच हुतंय."

ते वाक्य मी आठ दिवस चघळतीय आक्का. हिरव्या मिरचीगत.

काल चंद्रिका आली. अक्कलकोटकडची पोरगी हाय, कॉम्प्युटर दुरुस्त करती, कानडी मिसळून बोलती. तिनं खाचेत बॅटरी मारली आन म्हणली, "अव्वा, हे लाल काय वो?"

कुंकू.

तुमी कुंकू पुढं, कॉम्प्युटरच्या पडद्याला लावलं हुतं. मी बघितलं की. "तू लांब हो" म्हणून गिऱ्हाइकांसमोर मला दारात तुमीच उभं केलं हुतं. मग मागं कुणी लावलं? थांबा, सांगती.

चंद्रिकानं कोरड्या ब्रशनं खाच साफ केली. मी मनात म्हणलं, आता दिवा लागला तर आक्कांचं खरं झालं! तिनं वायर लावली. न्हाई लागला. उभ्या जन्मात बंद वस्तू बघून इतका आनंद झाला न्हवता.

मग तिनं मशीन परत चालू केली आन एकच बटन टकटक दाबत बसली. मशीनच्या आतल्या सेटिंगचं निळं पान आलं. त्यात खाली एका ओळीवर बोट ठिवून म्हणली, "अव्वा, ही खाच बिघडलेली न्हाई. कुणीतरी मुद्दाम बंद करून ठेवलीय."

कुणी? मालकांनी! मशीन सुरू हुताना रोज त्या खाचेत वायर हुडकत बसायची, तेवढा येळ वाया. डोंगल असल्यावर खाच लागत न्हाई, म्हणून केली बंद. त्यांचा स्वभाव तुमाला ठावं हाय. मी खोलीत बसलेली असताना बी बत्ती घालवून जायचे. बंद केलं तर केलं, सांगून तरी जायचं की! फोटोपुढं उभी राहून लई भांडली मी. चंद्रिका नुसती हसत हुती.

मग तिनं ती ओळ चालू केली. हिरवा दिवा.

आता कुंकू. त्या दिवशी तुमची एसटी गेल्यावर मी शटर निम्मं ओढलं आन पूजा केली. मीच. चोरावानी केली, म्हणून तुमाला खोटं बोलली. मागच्या अंगाला लावलं, कारण मालक तितं वाकून वायरी जोडायचे. त्यांचा सगळा हात तितं लागलाय. बोटाला उरलं ते कपाळाला लावलं. आरशात बघितलं. लई दिवसानं वळखीचं कुणी भेटल्यागत झालं. मग पुसलं. लावलं ह्याचं मला काय न्हाई वाटत. पुसलं ह्याचा राग येतोय, आन तो तुमचा न्हाई, माझा मलाच.

भाऊजींना म्हणावं, मोबाईलवाल्याला दुसरं दुकान दावा. आज सकाळपासनं अकरा फारम भरली.

लक्ष्मीपूजनाला या. पूजा मी करणार, शटर पुरतं वर करून. तुमच्या गुडघ्यासाठी खुर्ची दारात ठिवती. तितनं समदं चांगलं दिसतंय, मी उभी राहून बघितलंय.

लग्नपत्रिकेला लावत्यात तसं ह्या कागदाच्या चारी कोपऱ्यांना कुंकू लावलंय. माझ्याच बोटानं. झटकू नका.

तुमचीच धाकटी,
दगडाबाई