खिडकी नंबर तीनची मिनिटं

२ फेब्रुवारी, सोमवार
नोकरी लागली. तीन महिन्यांचीच, पण कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून रोज तोंड सोडणारे बाबा आज गप्प जेवले. काम असं: दाखल्यांच्या चार खिडक्यांसमोर स्टॉपवॉच घेऊन बसायचं, माणसामागे किती मिनिटं जातात ते लिहायचं. त्यावरून साहेब ठरवणार, कोणती खिडकी ठेकेदाराला देणं परवडेल. अख्खी कचेरी माझ्या अंगठ्याखाली!
खिडकी नंबर तीन, मृत्यूचे दाखले. तिथे ती बसते. हंगामी आहे. संपलो.

४ फेब्रुवारी
संकल्प: तिची खिडकी वाचवायची. तिला कळू द्यायचं नाही. खरं प्रेम बोभाटा करत नाही.
दुपारी सांगून टाकलं. ‘बरं’ म्हणाली. कसलं गोड म्हणाली!

९ फेब्रुवारी
एक आजोबा आले, बायकोचा दाखला हवा. फॉर्मवर तिचं नाव लिहिताना रडले. हिने पाणी दिलं, फॉर्म स्वतः भरला, कुरकुरणाऱ्या लाइनीला दम भरला. बावीस मिनिटं. तेवढ्यात नंबर एकच्या गृहस्थांनी वीस जण परतवले. झेरॉक्स नाही, उद्या या.
मी बावीसच्या बावीस मिनिटं लिहिली. लाल शाईने. साहेबांनाही काळीज असेलच.
हेडक्लार्ककाका कानाशी येऊन म्हणाले, बाळा, सहा लिही, वर फक्त सरासरी बघतात. डोकंच फिरलं. तिच्या चांगुलपणातली सोळा मिनिटं खाऊ? सगळ्यांदेखत त्यांना लबाड म्हणालो. उद्या माफी मागेन.

१० फेब्रुवारी
नाही मागितली. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२० फेब्रुवारी
तक्ता दिला. फायद्याच्या रकान्यात पाणी पाजलेलं कुठे लिहू, विचारलं. साहेब म्हणाले, शेऱ्यात. शेऱ्याला जागा अर्धा इंच. मावेल तेवढं तिचं मन कोंबलं.

२ मार्च
निकाल. नंबर एक सर्वांत कार्यक्षम. नंबर तीन सर्वांत संथ, ठेकेदाराला.
केबिनमध्ये घुसून टेबलावर मूठ आपटली. साहेब शांतपणे म्हणाले, आकडे तुझेच आहेत. मग मला उद्यापासून येऊ नकोस म्हणाले.
फाटकाशी ती भेटली. म्हणाली, काका सहा लिहा म्हणत होते ना? माझं भलं करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?
रागावली. परक्यावर कोण रागावतं?

१६ मार्च
बातमी! ठेकेदाराने तिलाच ठेवलंय, निम्म्या पगारात. म्हणजे शेवटी वाचवलीच की मी! अभिनंदन करायला इस्त्रीचा शर्ट घालून लाइनीत उभा राहिलो. नंबर आला. वर न बघता तिने विचारलं, कोण गेलं?
म्हटलं, कुणी नाही, मी आहे.
म्हणाली, मग मागच्यांना येऊ द्या, एका माणसाला चारच मिनिटं आहेत.
मागच्या बाईंनी मला कोपराने बाजूला सारलं. त्यांचं माणूस खरंच गेलं होतं.