समासातली शंका

प्रिय शहाण्या,

ताईचं पत्र म्हणजे बोलणी, असं समजून न वाचता फाडू नकोस. दोन वर्षं आपण बोललो नाही, त्यात चूक थोडी तुझी आणि बरीचशी माझी. तू कायदा खात्यात मसुदे लिहायला लागलास, तेव्हा मी सगळ्यांसमोर तुला साहेबांचा बोरू म्हणाले. ते तुला लागलं. लागावं म्हणूनच म्हणाले होते. फोन करता आला असता, पण हल्ली फोनवर मीसुद्धा हवापाण्याच्या पलीकडे जात नाही.

आईचा गुडघा तसाच आहे. सरकारी दवाखान्यातलं एक्स-रेचं यंत्र आठ महिने बंद, मात्र दारातल्या साहेबांच्या फोटोमागचा दिवा एक दिवस विझलेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुरुस्तीचा कागदही आता थेट देशाच्या प्रमुखांच्या, म्हणजे साहेबांच्याच सहीला जातो. आमच्या सरकारी छापखान्यात तीच तऱ्हा. शाळा सुरू होऊन तीन महिने झाले तरी चौथीचं गणिताचं पुस्तक यंत्रावर चढलेलं नाही. मोठं यंत्र साहेबांची चित्रं छापतंय. तुझी भाची शेजारच्या मोठ्या मुलीच्या फाटक्या पुस्तकातून भागाकार करते, आणि नेमकं उत्तरांचं पान गेलेलं आहे.

माझं काम तुला ठाऊक आहे. जोडीदारीण मूळ प्रत मोठ्याने वाचते, मी छापील कागदावर बोट फिरवते. प्रतीत आहे तसंच छापायचं, आणि काही विसंगत वाटलं तर समासात प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवायचा. आमचा अधिकार तेवढाच. सव्वीस वर्षांत मी एकही शंका गिळलेली नाही. अलीकडे येणाऱ्या प्रत्येक दुरुस्तीत एकच प्रकार: 'मंडळाच्या संमतीने' हे शब्द काढायचे आणि 'प्रमुखांना योग्य वाटेल त्याप्रमाणे' घालायचे. पाण्याचं मंडळ गेलं, विद्यापीठांचं गेलं, न्यायाधीश निवडणारंही गेलं. जोडीदारीण म्हणायची, आपण एक रबरी शिक्काच करून घेऊ. तेव्हा हसलो. आता ते शब्द आले की ती भरभर वाचून टाकते आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठते.

सोमवारी साहेबांच्या मुदतीचा कायदा आला. मसुदा तुझा, प्रतीवर नाव होतं; सभागृहाने बहुधा न वाचताच मंजूर केलेला. चाळीस कलमं. जिथे जिथे संमती होती, तिथून ती गेलेली. फक्त एकतिसाव्यात, मुदत वाढवण्याच्या कलमात, 'सभागृहाच्या संमतीने' तसंच राहिलेलं. जोडीदारीण वाचता वाचता थांबली. माझ्या हातात पेन्सिल होती. मी म्हटलं, पुढे वाच. तू शाळेत वेलांटीसुद्धा चुकवायचा नाहीस. मग हे विसरलास, की ठेवलंस? चार दिवस माझं कशात लक्ष नाही. भाजी दोनदा करपली, आई विचारते काय झालं, आणि मला सांगता येत नाही.

शंका मी काढली नाही. काल राजपत्र छापून बाहेर पडलं, त्याच्या शेवटच्या मुद्रितावर माझी सही आहे. आता ते शब्द काढायचे तर साहेबांना पुन्हा सभागृहात उघडपणे यावं लागेल. आज ना उद्या कोणाच्या तरी लक्षात येईल आणि आधी तुला बोलावतील. मला तुझ्यासाठी भीती वाटते रे, झोप लागत नाही. विसरला असशील, तर सरळ सांग की छापखान्यातल्या बाईने शंका काढायला हवी होती. ते खरंच आहे, मी नाकारणार नाही. माझी नोकरी चारच वर्षं उरली आहे, तुझी सगळी पुढे आहे. आणि मुद्दाम ठेवलं असशील, तर कोणाला सांगू नकोस, मलाही नको. रविवारी नुसता जेवायला ये. मी काही विचारणार नाही.

तुझीच,
जन्मभर तुझ्या चुका काढत आलेली
ताई