आयोडाइड मोठा असतो

सर, आज अकरावी विज्ञानाच्या वर्गात एकच मुलगी होती. बाकीची दिवाळीनंतर एकेक करून गळाली. हीसुद्धा गेली तर धानोऱ्यातली ही शाखा बंद होईल. पहाटे मोहाची फुलं वेचून ती वर्गात येते, बोटांना तो गोडसर वास असतो. आज आल्या आल्या म्हणाली, “मॅडम, मले आर्ट्सले टाका. हे काई डोक्यात नाई बसून राह्यलं.” मी म्हटलं, आजचा तास बस, मग बघू.

धडा तुमचाच होता, मी अकरावीत असताना तुम्ही शिकवलेला. कुरखेड्याच्या प्रयोगशाळेत तुम्ही उभे आहात, समोर तीन परीक्षानळ्या, तिन्हींत सिल्व्हर नायट्रेट. क्लोराइडचा साका पांढरा, ब्रोमाइडचा फिकट, आयोडाइडचा पिवळा. तुम्ही अमोनिया ओतता. पांढरा विरघळतो, फिकट अर्धामुर्धा, पिवळा तसाच राहतो. “काऊन?” तुम्ही विचारता. मी उठते. आयोडाइड मोठा आहे सर, मोठा म्हणजे घट्ट. आमच्या गावात जुना साग तसाच असतो, कुऱ्हाड उलटी येते. तुम्ही हसत नाही. “सागवान घरी ठेवून येत जा, बाई. मोठा म्हणजे ढिला. बाहेरचे इलेक्ट्रॉन दूर, केंद्राची पकड नाई. चांदीचा आयन ओढते, इलेक्ट्रॉनचा ढग वाकते. वाकला का वाटून घेणं आलं, तोच कोव्हॅलंटपणा, म्हणून पिवळा विरघळत नाई. चूक आहे. बस खाली.” त्या दिवशी मी जेवले नाही. ढग किती वाकतो ती ध्रुवणक्षमता मात्र पुन्हा कधी चुकली नाही.

इथली सिल्व्हर नायट्रेटची बाटली काळी पडली आहे. नवी मागवली, आली नाही. मी खडूनं ढग काढले, लहान आणि मोठे, वाकलेले. ती फळ्याकडे बघत राहिली. शेवटी विचारलं, लिथियम फ्लोराइड आणि लिथियम आयोडाइड, जास्त कोव्हॅलंट कोणतं?

“फ्लोराइड. लहान लहानाले जवळ धरते.”

खिडकीबाहेर तिची आई टोपली घेऊन उभी होती.

“बरोबर,” मी म्हणाले.

तिचा चेहरा सैल झाला. “मंग आर्ट्सचं राहू द्या, मॅडम. उद्या येतो.”

ती गेल्यावर मी फळा पुसला नाही. उद्या तिला खरं सांगायला हवं, की उत्तर आयोडाइड आहे. सांगितलं तर ती उठून जाईल, आणि तिच्या मागे इथे कोणी नाही. हे तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, सर. आज पहिल्यांदाच त्याचं बरं वाटलं.