मधल्याची अर्धी उडी

मास्तर, मी, ज्याचे नाव गिरणीच्या संघाच्या यादीत तुम्ही नेहमी शेवटी लिहीत होतात, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण मराठी चौथी, राहणार माधवगंज, लश्कर, सध्या मोहल्ल्यातील मुलींना व्हॉलीबॉल शिकवणारा, पुढील मजकूर रागाने परंतु पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे.

आज सकाळी माझ्या संघातील, जाळीपाशी मधल्या जागी खेळणारी मुलगी हात बांधून उभी राहिली. "आजोबा, सेट माझ्याकडे येतच नाही. फोकट में कशाला उडू?" मी सांगितले, चेंडू उचलून देणाऱ्या सेटरच्या बोटांना तो लागतो त्याच क्षणी तू हवेत हवीस, समोरच्यांचे अडवणारे हात, त्यांचा ब्लॉक, तुझ्यामागे वर जातो आणि कडेची स्मॅश मारायला मोकळी होते. ती म्हणाली, "म्हणजे स्मॅश तिचा, फोटो भी उसी का! मी उद्यापासून नाही येत. तुमच्या वेळी तरी यायचा का बॉल?" मी तिला पाणी पिऊन ये म्हणालो.

तिला उत्तर देणे तुमचे काम होते. तीन महिने तुम्ही मला रोज पन्नास उड्या मारायला लावल्यात आणि सेटरला बजावलेत, "याला द्यायचा नाही, हा नुसता दाखवायला आहे." जनावरालासुद्धा मधूनमधून चारा दाखवतात, मास्तर. मधल्याला चेंडू मिळत नसेल, तर समोरचे त्याला फार दिवस भीत नाहीत, आणि तो स्वतःही उडीवर विश्वास ठेवीत नाही. हे मला चौथीच्या शिक्षणावर कळते, तुम्हांला पदवी असून कळले नाही.

अंतिम सामना. शेवटचा गुण, सर्व्हिस त्यांची. या वेळी मधल्याला दे, अशी तुम्ही बाहेरून सेटरला खूण करता, मला नाही. चेंडू प्रथमच माझ्याकडे येतो, माझ्या बोटांवरून निघून जातो, आपल्याच अंगणात पडतो. सामना गेला. साऱ्या गिरणीसमोर तुम्ही म्हणालात, "चौथी पास माणसाला वेळ काय कळणार!" ते वाक्य मी आजही माफ केलेले नाही आणि करणारही नाही.

वेळ मला अचूक कळली होती. मी उडालोच अर्धा. येणारच नाही, मग गुडघे कशाला झिजवा, असे मनात धरून. बाहेर मात्र मी जन्मभर सांगत आलो की सेटरने चेंडू फार उंच टाकला. नया बाजारात लोक त्याला तोंडावर हसत, "अरे, आसमान में सेट करने वाले!" तो मान खाली घालून पुढे जाई.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. उद्या सकाळी त्या मुलीच्या घरी जाऊन तिला हे सांगावे लागेल, आणि त्याची मला लाज वाटते.

त्या उडीच्या वेळी जवळून पाहणारे: तुम्ही, मयत. सेटर, मयत, त्याने अखेरपर्यंत मला खोटे पाडले नाही. आणि मी.